किती मावतात आणि किती लागतात

१९९२ साली मी आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून पाठवावी, असे पत्र आले, तेव्हा डोळ्यांसमोर सर्वांत आधी उभा राहिला तो गोडेतेलाचा रिकामा, धुऊन पुसून आणलेला पत्र्याचा डबा. भूमितीच्या बाईंनी तो टेबलावर ठेवला होता आणि शेजारी कापडी पिशवीत वर्गातल्या मुलांकडून जमवलेल्या गोट्या होत्या. या डब्यात किती गोट्या मावतील, एवढाच त्यांचा प्रश्न होता. गोलाच्या घनफळाचे सूत्र आम्हाला नुकतेच शिकवले होते. आम्ही डब्याच्या घनफळाला गोटीच्या घनफळाने भागले आणि मोठ्या खात्रीने उत्तर सांगितले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी डबा गोट्यांनी काठोकाठ भरायला लावला, गोट्या मोजायला लावल्या आणि मग प्रयोगशाळेतून आणलेल्या मोजपात्राने त्या भरलेल्या डब्यात पाणी ओतायला सांगितले. एक लिटरच्या त्या 'भरलेल्या' डब्यात आणखी ४१० मिलिलिटर पाणी गेले. "आता सांगा, तुमचा भागाकार कुठे चुकला?" असे विचारून त्या खुर्चीत बसल्या आणि तास संपेपर्यंत आम्हालाच बोलू दिले.

त्या तासाचा उपयोग मला पंचवीस वर्षांनी, २०१७ साली, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झाला. नोकरीनिमित्त मी तेथे मोटारींच्या सुट्या भागांची अभियंता म्हणून काम करत होते आणि संध्याकाळी मुलाच्या शाळेतील रोबोट संघाला मार्गदर्शक म्हणून मदत करत होते. 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' नावाची ही स्पर्धा मी दहावी झाले त्याच वर्षी, १९९२ मध्ये, न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिल्यांदा भरली, हे मला पुष्कळ उशिरा समजले. दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नवा खेळ जाहीर होतो. त्या काळी जाहीर झालेल्या दिवसापासून जेमतेम साडेसहा आठवड्यांत मुलांना रोबोट तयार करून प्लॅस्टिकच्या पिशवीत मोहोरबंद करावा लागे. तीन तीन संघांच्या दोन बाजू तेव्हा अडीच मिनिटांचा सामना खेळत. त्यातील पहिले १५ सेकंद रोबोट त्यात आधी भरलेल्या आज्ञावलीनुसार स्वतःहून चाले आणि उरलेली २ मिनिटे १५ सेकंद मुले तो चालवत.

२०१६ च्या खेळात रोबोटला एका वेळी एकच चेंडू बाळगण्याची परवानगी होती. २०१७ च्या 'स्टीमवर्क्स' या खेळात मात्र पाच इंच व्यासाचे, भोकाभोकांचे, हिरवे प्लॅस्टिकचे चेंडू शेकड्यांनी मैदानात होते आणि ते किती बाळगावेत यावर कोणतीही मर्यादा नव्हती. सामना सुरू होताना मात्र रोबोटमध्ये दहापर्यंतच चेंडू ठेवता येत. आदल्या वर्षी एका चेंडूसाठी झगडलेल्या मुलांसमोर अशी मुभा आल्यावर त्यांनी फळ्यावर पहिला आकडा लिहिला तो १०० चा. रोबोटच्या पाठीवर मोठी पेटी, मैदानाच्या कडेला असलेल्या साठ्याला धक्का देऊन ती एका दमात भरायची आणि कोपऱ्यातील उंच 'बॉयलर'मध्ये, म्हणजे चेंडू टाकण्याच्या लक्ष्यात, चेंडूंचा वर्षाव करायचा, असे त्यांचे चित्र होते. ते पाहून मलाही उत्साह आला होता, हे मी येथे मान्य करते.

नियमांनुसार रोबोटला दोनच मापे मोकळी होती. एकतर ३६ बाय ४० इंच तळ आणि २४ इंच उंची, नाहीतर ३० बाय ३२ इंच तळ आणि ३६ इंच उंची. आम्ही उंच माप निवडले. चाके, मोटारी, चेंडू उचलणारे रूळ, फेकयंत्र आणि दोरावर चढण्याची रहाटासारखी यंत्रणा बसवल्यानंतर पेटीसाठी आतून २८ बाय २० बाय १४ इंच एवढी जागा उरत होती. मुलांनी संगणकावर भागाकार केला आणि ११९ हे उत्तर आले. शंभराच्या वर आकडा गेल्याचा आनंद कार्यशाळेभर पसरला. तेव्हा मला तो तेलाचा डबा आठवला. मी त्यांना काहीही न सांगता त्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका कापून चिकटवायला लावला आणि सरावासाठी आणलेले चेंडू त्यात ओतायला सांगितले. खोका काठाला लागला तेव्हा चेंडू भरले ६४. एका मुलाने खोका हलवला, ठोकला, पण फार तर दोन-तीन चेंडू वाढले. पाच इंचांचे चेंडू वीस इंचांच्या खोक्यात असले की भिंतीलगत आणखी जागा वाया जाते, त्यामुळे गोट्यांच्या डब्यापेक्षाही येथे पोकळी अधिक निघाली. किती मावतात, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी सापडले. किती लागतात, हा प्रश्न मात्र कोणीच विचारला नव्हता आणि त्यात मीही होते.

तो प्रश्न समजून घ्यायचा तर गुणांचा हिशेब मांडावा लागतो. मुले रोबोट चालवत असताना उंच बॉयलरमध्ये पडलेल्या तीन चेंडूंना मिळून एक गुण होता. पहिल्या १५ सेकंदांत, रोबोट स्वतःहून खेळत असताना, प्रत्येक चेंडूला एक पूर्ण गुण होता. म्हणजे सामन्याआधी हाताने भरलेले दहा चेंडू सुरुवातीलाच अचूक पडले, तर ते नंतरच्या तीस चेंडूंच्या बरोबरीचे होते. याशिवाय मुले रोबोट चालवत असताना मधल्या मनोऱ्यावर दातेरी चाके पोहोचवून तेथील एक रोटर, म्हणजे पंख्यासारखे चक्र, फिरवला की ४० गुण मिळत आणि शेवटच्या ३० सेकंदांत दोर धरून रोबोट वर चढला की ५० गुण मिळत. ४० गुणांचा एक रोटर चेंडूंनी भरून काढायचा तर १२० चेंडू नेमके पडायला हवे होते. हे आकडे नियमपुस्तिकेत पहिल्या दिवसापासून छापलेले होते आणि आम्ही ते वाचलेही होते, पण पेटीच्या मापाशी त्यांचा संबंध जोडला नव्हता.

पेटी आम्ही ६४ चेंडूंचीच बांधली. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक भिंती, तळाला उतार आणि एका कोपऱ्यात फेकयंत्राकडे जाणारे तोंड अशी तिची रचना होती. मार्चमधील पहिल्या जिल्हास्तरीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात पेटी काठोकाठ भरली, रोबोट बॉयलरसमोर उभा राहिला, आठ-दहा चेंडू झरझर सुटले आणि मग काहीच सुटेना. पेटी तर भरलेली दिसत होती. खाली वाकून पाहिले, तेव्हा तोंडाच्या वर चार-पाच चेंडूंनी एकमेकांना रेटून एक कमान धरली होती आणि वरचे सगळे ओझे त्या कमानीवर निवांत बसले होते. जितके चेंडू अधिक, तितका रेटा अधिक आणि तितकी ती कमान पक्की.

मला त्या क्षणी आईची आठवण झाली. पेरणीच्या दिवसांत वडील बैल हाकत आणि आई पाभरीमागून चालत चाड्यावर मूठ धरून बी सोडत असे. चाड्यात एकदम ओंजळभर बी कधीच पडायचे नाही. बोटांच्या फटीतून सारख्या गतीने धार सुटायची आणि म्हणूनच नळीत बी अडकत नसे. ओटीत बियाणे किती आहे, यावर पेरणी ठरत नव्हती, मुठीतून ते कसे सुटते यावर ठरत होती. हे मी मुलांना सांगितले. त्यांनी पाभर पाहिलेली नव्हती, पण मी कागदावर चाडे आणि नळ्या काढून दाखवल्यावर त्यांना ते चटकन उमगले. त्याच रात्री, स्पर्धेच्या जागीच, त्यांनी पेटीच्या तळाशी रबरी नळ्यांचे हात असलेला एक फिरता दांडा बसवला. कमान धरू लागली की ते हात तिला मोडत.

दुसऱ्या दिवशी चेंडू अडकणे जवळजवळ थांबले, पण आणखी एक गोष्ट उघडी पडली. फेकयंत्राचे जड चाक प्रत्येक चेंडूबरोबर थोडी गती गमावत होते. सेकंदाला चार चेंडू दिले, तर तिसरा-चौथा बॉयलरच्या अलीकडेच पडे. चाकाला पुन्हा गती घ्यायला वेळ दिला, तर सेकंदाला दीड चेंडूच्या आसपास नेम टिकत होता. संघातील अकरावीतील एका मुलीने तेव्हा स्वतःहून एक काम सुरू केले. सामना संपून रोबोट परत आला की इतर मुले बॅटरी बदलत, तोपर्यंत ती पेटीत राहिलेले चेंडू एकेक करून मैदानावरच्या स्वयंसेवकांच्या पाटीत टाकी आणि आकडा वहीत लिही. ४१, ३७, ४४, ३३, ३९. बारा सामन्यांच्या अखेरीस तिने ती वही माझ्यापुढे ठेवली. सरासरीने ३८ चेंडू आम्ही प्रत्येक सामन्यात मैदानभर मिरवून परत आणत होतो.

मग आम्ही सगळे जमिनीवर बसलो आणि जे जानेवारीत करायला हवे होते ते केले. चालवण्याचे १३५ सेकंद, त्यातून दोर चढण्याचे ३० वजा. उरले १०५. तीन दातेरी चाके पोहोचवायला प्रत्येकी वीस सेकंद धरले, उरले ४५. चेंडू भरायला दहा, बॉयलरपाशी यायला आठ, नेम धरायला पाच. उरले २२ सेकंद. सेकंदाला दीड याप्रमाणे चेंडू लागले ३३. पेटीचे माप चेंडूच्या घनफळावरून ठरवायचे नव्हते, त्या बावीस सेकंदांवरून ठरवायचे होते. जो संघ दातेरी चाकांना हातच लावणार नाही आणि ज्याचे फेकयंत्र आमच्याहून दुप्पट-तिप्पट वेगाने अचूक चालते, त्याचे उत्तर वेगळे येईल आणि त्याने मोठी पेटी बांधणे योग्यच ठरेल. तसे संघ होते आणि त्यांचा खेळ डोळे भरून पाहावा असाच होता. आमचा हिशेब आमच्या यंत्राचा होता.

दुसऱ्या स्पर्धेआधी मोहोर उघडून काम करायला नियमाने सहा तास मिळाले. त्या सहा तासांत पेटीच्या भिंती कापून तिची क्षमता ३५ वर आणली. सहा पौंड वजन कमी झाले. रोबोटचे वजन बॅटरी आणि बंपर सोडून १२० पौंडांच्या आत असावे लागे आणि आम्ही ११९ वर होतो, त्यामुळे हे सहा पौंड आमच्यासाठी मोलाचे होते. त्यांतून दोर चढण्याच्या रहाटाला दुसरी मोटार बसवता आली. पहिल्या स्पर्धेत बारापैकी पाच सामन्यांत रोबोट वर चढला होता, दुसऱ्या स्पर्धेत बारापैकी दहा सामन्यांत चढला. प्रत्येक चढाईचे ५० गुण म्हणजे बॉयलरमध्ये अचूक पडलेले १५० चेंडू, हे त्या मुलांना आता कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

पुढील काही वर्षांत नियमांनीच उत्तर दिले. २०२० च्या खेळात एका वेळी पाच चेंडूंची मर्यादा होती, २०२२ मध्ये दोनची. तेव्हा वाद झाले ते चेंडू रांगेत कसे ठेवावेत याचे, किती ठेवावेत याचे झाले नाहीत. यंदा, २०२६ मध्ये, मर्यादा पुन्हा उठली आहे. या वेळचे चेंडू फोमचे आणि सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचे आहेत. प्लॅस्टिकचा चेंडू चेंडूवरून घसरतो, फोमचा चिकटून बसतो, त्यामुळे कमान धरण्याची भीती आता अधिक आहे. माझा मुलगा केव्हाच शिकून बाहेर पडला, मी मात्र त्या संघाबरोबर अजून आहे. जानेवारीत खेळ जाहीर झाला त्या संध्याकाळी नव्या मुलांना मी प्रथम बाईंच्या डब्याची गोष्ट सांगितली आणि २८ बाय २० बाय १४ चा पुठ्ठ्याचा खोका पुन्हा तयार करवला. त्यात ३६ चेंडू भरले. एका मुलाने तो आकडा फळ्यावर लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारून, सराव सुरू होण्यापूर्वीच, 'परत आले' असा दुसरा रकाना आखून ठेवला.