आत येताना सह्याच सह्या, बाहेर जाताना एकही नाही

वॉर्डात औषधं उरतातच कशी, असं बाहेरच्यांना नेहमी वाटतं. डॉक्टरांनी लिहिलं, फार्मसीने दिलं, सिस्टरने टोचलं, मग उरेल काय? पण उरतं, आणि भरपूर उरतं. ताप चढला म्हणून एक अँटिबायोटिक सुरू होतं, दोन-तीन दिवसांनी कल्चरचा, म्हणजे जंतू कोणता ते सांगणारा रिपोर्ट येतो, औषध बदलतं, आधीच्या व्हायल ट्रेमध्ये तशाच राहतात. पेशंट दगावला तर घरचे लोक बॉडी आणि कागद घेऊन जातात, लॉकरमधल्या औषधांच्या पिशवीकडे कुणाचं लक्ष नसतं. डिस्चार्जच्या गडबडीत कुणीतरी उरलेल्या गोळ्या हातात कोंबतं, "ताई, कुणा गरिबाला द्या." इमर्जन्सी ट्रेमधल्या ॲट्रोपिन-ॲड्रेनॅलिनची तर वापरायची वेळ येऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते, त्यामुळे त्यातली बरीचशी मुदत संपूनच बाहेर पडतात.

मी जिल्ह्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज आहे. हॉस्पिटलांचा दर्जा ठरवणाऱ्या एनएबीएचची तपासणी तोंडावर आली तेव्हा मेट्रनबाईंनी ड्रेसिंग रूममधलं जुनं कपाट रिकामं करायला सांगितलं. वर एक शब्द जोडला: "नियमाने." तोवर वॉर्डाची रीत सोपी होती. गोळ्या काळ्या पिशवीत आणि इंजेक्शनं बेसिनमध्ये. ही रीत माझ्या आधीपासूनची, आणि मी पाहिलेल्या बहुतेक वॉर्डांतली.

जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला सोबत घेऊन निवडायला बसले. मुदत असलेलं, सीलबंद औषध आधी बाजूला काढलं, कारण ते फार्मसीत परत जाईल अशी आशा होती. फार्मासिस्ट सरांनी ती लगेच मोडली. परतावा ज्याच्या बिलावर औषध निघालं त्याच्याच नावावर होतो, आणि ज्यांच्या फाइल बंद झाल्या त्यांची औषधं कुणाच्या नावावर घेणार? कापलेल्या स्ट्रिपांवर बॅच नंबर आणि तारीख नव्हती. ती छापलेली असते एका टोकाला, आणि गोळ्या तोडताना नेमकं तेच टोक निघून गेलेलं. फ्रिजमधली इन्सुलिन तर त्यांनी हातातसुद्धा घेतली नाहीत. "मधल्या काळात ती बाहेर किती तास होती, सांगू शकता?" सांगू शकत नव्हते. इथे मला सरांचंच बरोबर वाटलं. "गरिबाला द्या" हे ऐकायला चांगलं आहे, पण कुणाच्या घरच्या खिडकीत उन्हात पडलेली इन्सुलिन गरिबाला द्यायची म्हणजे त्याच्या गरिबीचा फायदा घेणंच झालं.

जे परत जाणार नाही ते टाकायचं, आणि टाकण्याचे नियम स्पष्ट आहेत. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ सालचे. टाकाऊ आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्या रंगाच्या पिशवीत जातात: एकतर उत्पादकाकडे परत, नाहीतर भट्टीत. पिशवी क्लोरिन नसलेल्या प्लास्टिकची हवी, कारण क्लोरिनवालं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात. म्हणूनच सलाइनचे सेट आणि हातमोजे पिवळ्यात टाकले की इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर ओरडते. त्यांची जागा लाल पिशवीत.

भांडण झालं ते अँप्युलवरून, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या बंद कुपीवरून. रिकामी फुटकी अँप्युल निळ्या खुणेच्या डब्यात जाते, हे सगळ्यांना पाठ. मग मुदत संपलेल्या भरलेल्या अँप्युलचं काय? आमच्या मावशींचं उत्तर तयार होतं: फोडायची, आतलं बेसिनमध्ये ओतायचं, काच निळ्यात. दिसायला अगदी नियमाप्रमाणे, आणि ज्यासाठी नियम केला तेच औषध नाल्यात. भरलेली अँप्युल न फोडता, औषधासकट पिवळ्यात जाते. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाने पहिल्या खेपेला ती पिशवी घेतलीच नाही. काच दिसली की निळा डबा, एवढंच त्याला शिकवलेलं. शेवटी पंक्चर न होणारा पिवळा डबा आणला, त्यावर मार्करने "मुदतबाह्य औषधे" असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याच्या सुपरवायझरला फोनवर नियम वाचून दाखवला.

बेसिनमध्ये ओतलं तर एवढं काय बिघडतं, असं त्या विद्यार्थिनीने विचारलं. चांगला प्रश्न होता. तिला हैदराबादजवळच्या पाटणचेरूची गोष्ट सांगितली. तिथे औषध कंपन्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक सापडलं होतं, ते संशोधन २००७ मध्ये छापून आलं. गोळी घेतलेल्या पेशंटच्या रक्तातसुद्धा एवढं औषध नसतं. आता ते कारखान्यांचं पाणी, आमचं बेसिन त्याच्यापुढे काहीच नाही, हे मलाही कळतं. पण शुद्धीकरण केंद्र काम करतं ते जिवाणूंच्या जोरावर, आणि आपण त्यांच्यावरच अँटिबायोटिक ओततो. जे त्यातून तगतात त्यांची गाठ आपल्याला पुढे कल्चर रिपोर्टमध्ये पडते. साधं सलाइन, ग्लुकोज, रिंगर लॅक्टेट मात्र खुशाल नाल्यात सोडा, त्यात मीठ-साखरेपलीकडे फारसं काही नाही.

कपाटात दोन गोष्टी अशा निघाल्या की हात थांबला. एक, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या. संधिवाताचे पेशंट त्या आठवड्यातून एकदा घेतात, त्यामुळे आपल्या वॉर्डात कॅन्सरचं औषध आहे हे कुणाच्या डोक्यातच नसतं. पण हे सायटोटॉक्सिक, म्हणजे पेशी मारणारं औषध. हातमोजे घालून वेगळ्या पिवळ्या पिशवीत, सायटोटॉक्सिकची खूण लावून. त्याला भट्टीही १२०० अंश सेल्सियसच्या वरची लागते, साध्या पिवळ्या कचऱ्यात मिसळून चालत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दम्याचे इन्हेलर. ते दाबाखाली भरलेले असतात, आगीत फुटतात. ते सरळ बाजूला काढले आणि कचरा नेणाऱ्या एजन्सीला आधी कळवूनच दिले.

फेंटानिल आणि मॉर्फिन ही नशेसाठी चोरली जाऊ शकणारी जोरदार वेदनाशामकं; ती कपाटात नव्हती, ती डबल लॉकमध्येच असतात. तिथे मात्र शिस्त आधीपासून होती आणि खरं सांगायचं तर बाकीची पद्धत मी त्यावरूनच उचलली. फेंटानिलच्या दोन मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये १०० मायक्रोग्रॅम, पेशंटला दिले ५०, तर उरलेले ५० कुणाच्या डोळ्यांदेखत टाकले त्याची दुसरी सही लागते. फेंटानिलची पट्टी काढली तरी तिच्यात औषध शिल्लक असतं, म्हणून चिकट बाजू आत घेऊन दुमडायची. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ट्रामाडोल, डायझेपामसकट १७ औषधं फ्लश करायला सांगितली आहेत. एरवी पाण्यात काही टाकू नका म्हणणाऱ्या मला हे पचायला जड गेलं. पण घरातल्या लहान मुलाने ती गोळी गिळण्याचा किंवा कुणी ती नशेसाठी उचलण्याचा धोका त्यांनी जास्त धरला आहे, आणि दोन्हीची तुलना करायची तर तो जास्त आहेच.

खरा वेळ गेला तो सहीवर. औषध आत येताना इंडेंटवर (वॉर्डाच्या मागणीपत्रावर), बिलावर, ट्रीटमेंट शीटवर सह्याच सह्या असतात. बाहेर जाताना रकानाच नाही. फार्मसी म्हणाली, एकदा दिलं की ते वॉर्डाचं. वॉर्ड म्हणाला, पैसे पेशंटचे. इन्फेक्शन कंट्रोल म्हणालं, आमच्याकडे पिशवीचं वजन आणि बारकोड तेवढा, आत काय ते आम्हाला माहीत नाही. शेवटी मी एका पानाची डिस्कार्ड नोट तयार केली: औषधाचं नाव, बॅच, मुदत, नग, टाकण्याचं कारण, आणि खाली वॉर्ड इन्चार्ज, फार्मासिस्ट आणि इन्फेक्शन कंट्रोल अशा तीन सह्या. स्ट्रिपवर मार्करने काट मारायची अटही घातली, कारण भंगारातून गेलेली स्ट्रिप पुन्हा कुणाच्या दुकानात दिसू नये. मेडिकल सुपरिंटेंडंटनी आधी "अजून एक फॉर्म?" म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, मग सही केली.

यातून एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. नोटा जमू लागल्यावर दिसलं की सर्वांत जास्त वाया जातात ती महागडी इंजेक्टेबल अँटिबायोटिक्स, आणि तीही तीन दिवसांचा इंडेंट एकदम काढल्यामुळे. आता आम्ही कल्चर येईपर्यंत एका दिवसाचाच काढतो. कपाट भरण्याचा वेग त्याने जेवढा कमी झाला तेवढा कुठल्याही पिशवीने झाला नसता.

घरी उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मात्र माझ्याकडे नीट उत्तर नसतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदतबाह्य औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, आणि दर २० चौरस किलोमीटरला त्यासाठी एक संकलन केंद्र असावं असं लिहिलं होतं. आमच्या गावात ते कुठे आहे, हे विचारायला गेले तर मला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं. केरळमध्ये कोझिकोडला २०२५ पासून सरकारनेच घरची औषधं गोळा करायला सुरुवात केली आहे, हे मी सगळ्यांना सांगते, पण त्याचा इथल्या माणसाला उपयोग काय? तोवर आमच्या वॉर्डातून गेलेली औषधं आमच्याकडेच परत आणा, असं डिस्चार्जच्या वेळी सांगते. काहीजण आणतात.

रात्रीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. रविवारी फार्मसी लवकर बंद होते, त्यामुळे शनिवारी सिस्टर जास्तीचा इंडेंट काढून ठेवतात, आणि त्यांना दोष कसा देणार, पहाटे तीनला पेशंट खालावला तर त्यांनाच उभं राहायचं असतं. रात्रपाळीला एक फार्मासिस्ट ठेवायचा प्रस्ताव मेट्रनबाईंनी दिलाय. ट्रस्टींच्या पुढच्या मीटिंगला तो येईल.