कानाशी आलेला आवाज

आज पुण्याहून मुंबईला येताना ट्रेनमध्ये अमेरिकन गायिका बिली आयलिशचा २०१९चा पहिला अल्बम सलग ऐकला. तेव्हा भाचीनं हौसेनं ऐकवला होता आणि मी दोन गाण्यांत हेडफोन परत दिले होते. "ही गाते कुठे, पुटपुटतेय नुसती!" आज ते पुटपुटणंच आत उतरलं. भाऊ फिनियससोबत लॉस एंजेलिसच्या राहत्या घरातल्या छोट्याशा बेडरूममध्ये केलेलं काम. श्वाससुद्धा ऐकू येतो. खाली बेस घुमत असतो, मध्येच सगळं थांबतं, आणि ती शांतता... ती तर मला तेव्हा ऐकूच आली नव्हती! (२०२०मध्ये ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार मिळाले, तेव्हाही मी नाकच मुरडलं होतं.) लोणावळ्याला पुन्हा पहिल्यापासून लावला. भाचीला मेसेज केलाय, तुझं बरोबर होतं गं, आता पुढचं काय ऐकू ते सांग.