चंचीतला चुना

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, बचत गटाच्या बायांना नैसर्गिक रंगाई शिकवायला गेलो होतो. फाल्गुन होता. प्रत्येकीनं शिवारातून रंग देणारं काहीतरी आणायचं ठरलं होतं. टोपल्या आल्या त्या लालभडक फुलांनीच भरलेल्या. या दिवसांत पळस, पांगारा, काटेसावर तिन्ही निष्पर्ण होऊन फुलतात, त्यामुळे सरमिसळ ठरलेलीच. पळसाच्या पाकळ्यांखाली काळपट मखमली पेला असतो. तो दिसला की शंका उरत नाही. रंगाच्या कामाचा त्यातला पळसच. तुरटी दिलेल्या कापडावर तो पिवळा चढतो, चुन्यानं केशरी होतो. धायटीची फुलं आणि बाभळीची सालही होती, पण त्यात नवल नव्हतं.

मग एका आजीनं लुगड्याच्या ओच्यातून मूळ काढलं. सोबत डहाळी: समोरासमोर पानं, पांढरी चांदणीसारखी फुलं आणि अंगभर डोळे असलेलं हिरवं फळ. बारतोंडी! बांधावर असते, बहुतेक जण जळणाला तोडतात. मी काही बोलायच्या आत आजीनं साल नखानं खरवडली. आत पिवळीधमक. चंचीतली चुन्याची डबी उघडून तिनं बोटानं चुना चोळला.

"देख भाऊ, आते लाल व्हस."

आणि झालंच लाल. मुळातल्या अँथ्राक्विनोन गटातल्या रंगद्रव्यांची चुन्यासारख्या अल्कलीशी होणारी हीच प्रतिक्रिया आम्ही काचेच्या नळीत करून बघतो. चंचीतल्या चुन्यानं ती होताना प्रथमच पाहिली.

याच झाडाला आल म्हणतात. खानदेशात एके काळी तिची शेती व्हायची. १८६८-६९ मध्ये जर्मनीत अलिझरिन हे लाल रंगद्रव्य कृत्रिमरीत्या तयार झालं, पुढं ते स्वस्त झालं आणि आलीचा बाजार उठला.

दुपारी हिरडा आणि तुरटी दिलेलं सुती कापड त्या सालीच्या पाण्यात मंद आचेवर ठेवलं. विटकरी लाल उतरला. बायांनी लगेच मुळाचा भाव विचारला. तो मात्र मी सांगितला नाही. पळसाची फुलं वेचली तर झाड पुढल्या वर्षी पुन्हा फुलतं, इथं मुळावरच घाव. रंग सर्वांत जास्त बारीक मुळांच्या सालीत असतो, म्हणून पूर्वी लावलेली झाडं तीन-चार वर्षांतच उपटत. आधी बांधांवर रोपं लावायची, तोवर पळसावरच भागवायचं, असं ठरलं. बियांची जबाबदारी आजीनं घेतली.