आधी सावली, मग कॉफी

गेल्या जानेवारीत विशाखापट्टणमहून रेल्वेने आंध्रातल्या अराकूला गेले. डब्यातली मंडळी बोगदे मोजत होती, मी खिडकीतून झाडं बघत होते. दापोलीजवळ माझी काजू-आंब्याची रोपवाटिका आहे. कुठेही गेलं तरी नजर आधी बुंध्याकडे जाते.

तिथे एका आदिवासी कुटुंबाच्या बागेत तासभर थांबलो. सिल्व्हर ओकचे सरळसोट बुंधे, त्यांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली लाल फळांनी लगडलेली कॉफी. घरच्या बाईंनी एक फळ चिमटीत दाबून माझ्या तळहातावर ठेवलं. साल सुटली, बुळबुळीत गरातून दोन बिया निसटल्या. हा गर काढून, धुऊन, वाळवून माल दिला की भाव चांगला मिळतो, असं त्या म्हणाल्या. गर काढायचं यंत्र त्यांना अनुदानातून मिळालं होतं.

या डोंगरांवर पूर्वी पोडू चालायची, म्हणजे झाडं तोडून, जाळून फिरती शेती. आज तिथली अरेबिका जगभर जाते, 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाडेरूची आदिवासी विकास यंत्रणा आणि कॉफी बोर्ड यांनी वर्षानुवर्षं रोपं, यंत्रं, प्रशिक्षण दिलं, आणि गिरिजन सहकारी महामंडळ माल विकत घेतं. मला सगळ्यात पटला तो त्यांचा क्रम. आधी सावलीची झाडं लावायची, ती उंच झाली की त्यांच्याखाली कॉफी. फळ धरायला पुढे तीन-चार वर्षं. एवढा काळ पाठीशी उभं राहायचं, तर एकदाच रोपं वाटून भागत नाही.

घरी आल्यावर आमच्याकडे कामाला येणाऱ्या कातकरी वहिनींना हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ताई, तिथं उन्हाळ्यात झाडांना पानी कोन घालतं?"

त्यांनी हे का विचारलं ते मला ठाऊक आहे. त्यांच्या नवऱ्याला वनहक्काचा पट्टा मिळाला, वीस गुंठे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत वेंगुर्ला-4 या काजूच्या वाणाची चाळीस कलमं लागली. 2018 ची ही योजना कागदावर चांगलीच आहे. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं, वनपट्टेधारकही पात्र. पण पुढचा हप्ता हवा तर कोरडवाहू बागेत 80 टक्के झाडं जिवंत दिसली पाहिजेत. चाळीसातली बत्तीस.

दिवाळी झाली की त्यांचं घर बंद होतं. सगळी वीटभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आल्यावरच परत. जमीन तापते ती नेमकी त्याच दिवसांत, आणि गवताला वणवा लागतो तोही तेव्हाच. त्या वर्षी परत आल्यावर मोजली तर तेवीस उरलेली. त्यातल्या काहींचं कलम केव्हाच वाळलं होतं. जोडाच्या खालून गावठी खुंटाचे फुटवे फोफावलेले, लांबून हिरवंगार दिसणारे. मी कोयत्याने एकेक फुटवा काढत होते आणि वहिनी बाजूला गप्प उभ्या होत्या. दुसरा हप्ता आला नाही. मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या भरायला कलमं मी दिली, पण पुढच्या उन्हाळ्याचं काय?

ठिबक मिळतं, म्हणतात. पण ठिबकला आधी पाणी लागतं, आणि त्यांची विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते.

तिथे आधी सावली लागते, तशी आमच्याकडे आधी मजुरी लागते. जानेवारी ते मे आपल्याच बागेत पाणी घालण्याची, आळी करण्याची, वणव्यासाठी जाळरेषा काढण्याची मजुरी, आणि तीही आठवड्याच्या आठवड्याला हातात. सहा महिन्यांनी खात्यावर आलेली मजुरी भट्टीवाल्याच्या उचलीपुढे, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांपुढे, टिकत नाही. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, घरात तांदूळ नसतो तेव्हा.

येत्या ग्रामसभेत हे मांडायचं ठरलंय. वहिनी स्वतः बोलणार आहेत. मी तेवीस झाडांचे फोटो आणि विहिरीचं महिन्यामहिन्याचं माप घेऊन शेजारी बसेन.