पालेंके, धबधबे आणि चुना

मेक्सिकोत चियापास राज्यात जाणार असाल तर पालेंके या जुन्या माया शहराचे अवशेष नक्की बघा, पण सान क्रिस्तोबाल शहराहून एका दिवसात जाऊन यायचा घाट घालू नका. आम्ही घातला. २०१९ चा फेब्रुवारी, मी, नवरा आणि सांगलीहून आमच्याकडे ह्यूस्टनला आलेली आई. आई ६७ ची, गुडघे ठणठणीत पण गाडी लागते. (व्हिसाचं सगळे विचारतात म्हणून सांगते, पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर फिरायला जाण्यासाठी मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, आईचं व्हिजिटर व्हिसावर काम झालं.)

बुकिंग केलं चौकाजवळच्या एका छोट्या एजंटकडे. बोर्डवर आग्वा आसुल आणि मिसोल-हा हे दोन धबधबे, पालेंके, इंग्लिश गाइड, तिकिटं, नाश्ता सगळं लिहिलेलं. पहाटे चारला तयार राहा म्हणाला. सान क्रिस्तोबाल साधारण २२०० मीटर उंचीवर आहे त्यामुळे चार वाजता मरणाची थंडी, आई शाल आणि कानटोपी घालून हॉटेलच्या पायरीवर बसलेली आणि व्हॅन आली पाच वाजायला दहा मिनिटं असताना. ड्रायव्हर एकटाच, इंग्लिश गाइड कुठाय विचारलं तर तो गोड हसला. तिकिटांचे पैसे पण वेगळे द्यायचे होते हे पहिल्या गेटवर कळलं. आई म्हणाली, "लावला का चुना?" हा शब्द तिने दिवसभर सोडला नाही.

रस्ता दोनशेच्या थोडा वर किलोमीटरचा आहे पण पाच तास लागतात, कारण एक तर सगळा घाट, वरून दोन हजार मीटर खाली उतरायचं, आणि दुसरं म्हणजे तोपे. तोपे म्हणजे स्पीडब्रेकर, प्रत्येक वस्तीच्या आधी एक, मधे एक, नंतर एक, काही तर असे की व्हॅनचं पोट घासतं. आणि काही ठिकाणी बायका आणि पोरं रस्त्यावर आडवी दोरी धरून उभी, गाडी थांबली की खिडकीशी केळी, संत्री, आणि काही घेतलं किंवा सुटे दिले की दोरी खाली. ड्रायव्हर अजिबात चिडत नव्हता, डॅशबोर्डवर त्याने सुट्या नाण्यांचा डबाच ठेवला होता. हा भाग त्सेल्ताल या माया आदिवासींचा, १ जानेवारी १९९४ ला झापातिस्तांचा, म्हणजे आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बंडखोरांचा, उठाव झाला तेव्हा आम्ही नाश्त्याला थांबलो ते ओकोसिंगो गाव त्यात सापडलं होतं. आम्ही गेलो तेव्हाही रस्त्याकडेला झापातिस्तांच्या हद्दीचे बोर्ड दिसत होते.

आईचं म्हणाल तर आलेपाक, पुढची सीट आणि खिडकी उघडी या तीन गोष्टींवर ती ओकोसिंगोपर्यंत टिकली. तिथे "सिन कार्ने" म्हणजे मांस नको असं तीनदा सांगूनही अंड्यात हॅमचे तुकडे आले, कारण बहुतेक हॅम हे कार्नेत धरत नाहीत. बीन्सही विचारून घ्या, त्यात मान्तेका म्हणजे डुकराची चरबी असू शकते. आई टॉर्टिला आणि केळं खाऊन उठली. टॉर्टिला करणाऱ्या बाईशेजारी पाच मिनिटं उभी होती, एकीला मराठी नाही, दुसरीला स्पॅनिश नाही, पण मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात एवढं हातवाऱ्यांनी कळलं. परत आली ती "बघ, इथे पण चुना" म्हणत.

आग्वा आसुलला दहा वाजता पोचलो. वाटेत दोन वेगवेगळ्या ठिकाणी पैसे घेतात, दोन वेगळ्या गावांचे, पावत्या जपून ठेवा. आग्वा आसुल म्हणजे निळं पाणी, आणि पाणी खरंच त्या रंगाचं आहे, फोटोतलं एडिटिंग नाही. डोंगर चुनखडीचा, पाण्यात तो चुना विरघळून येतो आणि धबधब्याच्या कडेवर साचत साचत पायऱ्या आणि कुंडं तयार होतात. पडलेल्या झाडाच्या खोडावरही थर बसतो, एक फांदी अशी होती की झाडाची की दगडाची कळेना. हे फक्त कोरड्या महिन्यांत हं, पावसाळ्यात गेलात तर गढूळ तपकिरी पाणी बघून याल. खालच्या कुंडात लोक पोहतात, पण वर प्रवाहाला ओढ आहे आणि पोहायला बंदीचे बोर्ड आहेत तिथे उतरू नका. आम्ही पाय बुडवून बसलो. टॉयलेटला तेव्हा पाच पेसो होते, कागद मोजून हातात देत होते.

तिथल्याच एका टपरीवर पोझोल मिळालं. मक्याचं आंबवलेलं पीठ पाण्यात कालवून, भोपळ्याच्या वाटीत. एक कोको घातलेलं आणि एक पांढरं आंबट, मीठ मिरचीबरोबर. आईने पांढऱ्याचा घोट घेतला, मान वर केली आणि म्हणाली, "अगं ही आंबील आहे." दोन वाट्या प्यायली. यानंतर तिला गाडी लागली नाही, पोझोलमुळे की घाट संपत आला म्हणून ते देव जाणे.

मिसोल-हा एकच धार, साधारण ३५ मीटरची, आणि मजा म्हणजे धारेच्या मागून चालत जाता येतं. भिजता. चप्पल घसरते. अर्ध्या तासात निघालो.

आणि मग पालेंके, ज्याच्यासाठी खरं आलो होतो, त्याला मिळाले दोन तास. पार्कची पावती वेगळी, साइटचं तिकीट वेगळं. पहाटेची शाल आता बॅगेत आणि घामाच्या धारा. दरवाजातून आत गेल्यावर उजवीकडे ते शिलालेखांचं देऊळ एकदम अंगावर येतं. वर चढू देत नाहीत. आत इथल्या पकाल राजाची कबर, तो १२ व्या वर्षी ६१५ मध्ये गादीवर बसला आणि ६८३ मध्ये गेला, मोजा. पण मला वेड लावलं ते कबर सापडली कशी याने. अल्बेर्तो रूस नावाच्या पुरातत्त्वज्ञाच्या लक्षात आलं की वरच्या देवळातल्या फरशीच्या एका शिळेला भोकं आहेत आणि त्यात दगडी बुचं बसवलीत. शिळा उचलली तर खाली जिना, पण तो दगडमातीने ठासून भरलेला. तो उपसायला चार सीझन लागले, १९४९ पासून, आणि १९५२ मध्ये ते तळाला कबरीशी पोचले. जिन्याच्या कडेने तळापासून वरपर्यंत एक पोकळ दगडी नळी काढलेली आहे, मेलेल्या राजाचा वरच्यांशी संबंध राहावा म्हणून असं मानतात. त्याचा जेडचा मुखवटा मेक्सिको सिटीच्या म्युझियममध्ये आहे, तो बघायचा असेल तर तिकडे जा.

(२०१२ ला माया कॅलेंडरप्रमाणे जग बुडणार म्हणून केवढा गोंधळ झाला होता आठवतंय? याच देवळातल्या शिलालेखात इसवी सन ४७७२ मधला एक दिवस मोजून दिलाय, म्हणजे त्यांना तरी बुडायची घाई नव्हती.)

राजवाड्यात गेलो, मधे चार मजली मनोरा, खांबांवर चुन्याच्या गिलाव्यात केलेल्या माणसांच्या आकृत्या, एकेकाच्या पायाची बोटं अजून दिसतात. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. तेवढ्यात झाडीतून असा आवाज की मला वाटलं वाघबिघ आहे, ती हाउलर माकडं निघाली. क्रॉसच्या देवळाच्या पायऱ्या आई बसत बसत चढली, वरून सगळा पसारा दिसला आणि खाली ड्रायव्हर हात हलवताना दिसला. वेळ संपली. म्युझियम राहिलं, जंगलातली वाट राहिली. पालेंके गावात एक रात्र काढली असती तर सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरलो असतो, धबधबेही तिथून कितीतरी जवळ पडतात.

परतीत अंधार, तेच तोपे, साडेदहाला हॉटेल.

ह्यूस्टनला आल्यावर आईने इंडियन स्टोअरमधून खायच्या चुन्याची डबी आणली, मका शिजवला, वाटला, तीन दिवस ओट्यावर झाकून ठेवला. वास सगळ्या घरात. नवऱ्याने एक घोट घेऊन वाटी हळूच सिंकमध्ये ठेवली, आईने तिच्यात जिरेपूड घातली आणि संपवली.