फीनाच्या गावाला पायी

ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते. त्या दिवशी मी गावात नाही, असं लग्नानंतरही कधी झालं नव्हतं. त्या वर्षी झालं. लेक इटलीत बोलोन्याला नोकरीला आहे, तिच्याकडे दोन महिने राहायला गेले होते आणि परतीचं तिकीट निघालं आषाढातलं. मी तोंडातून शब्द काढला नाही, पण लेकीने ओळखलं. एका रात्री भांडी आवरता आवरता म्हणाली, "आई, इथेही रोमला पायी जायची एक जुनी वाट आहे. चार दिवस चालू या का?"

त्या वाटेचं नाव व्हिया फ्रांचिजेना. इंग्लंडातल्या कँटरबरीहून निघून फ्रान्स आणि आल्प्स ओलांडत ती रोमला पोचते. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक 990 मध्ये पोपकडून आपल्या पदाचं वस्त्र घ्यायला रोमला गेला होता. त्याच्या प्रवासातल्या एकोणऐंशी मुक्कामांची यादी आजही शाबूत आहे आणि तिच्याच आधाराने ही वाट पुन्हा आखली गेली. मला त्यातली एक गोष्ट फार भावली. ही यादी रोमपासून सुरू होते, म्हणजे ती परतीच्या वाटेची आहे. आमच्याकडे पालखी पौर्णिमेनंतर पंढरपूरहून माघारी आळंदीला येते तेव्हा तिच्यासोबत मोजकी माणसं असतात, त्या परतवारीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. इथे मात्र परतीचीच वाट हजार वर्षं टिकली.

गुरुवारी पहाटे या वाटेवरच्या सान मिनियातो गावाहून निघालो. पाठीला पिशवी आणि खिशात यात्रेकरूंचा परवाना. घडीचा जाड कागद असतो तो, मुक्कामाच्या ठिकाणी त्यावर शिक्का मारून देतात. पहिला मुक्काम गाम्बास्सी, तिथपर्यंत चोवीस किलोमीटर. वाट पांढऱ्या खडीची, टेकड्यांच्या माथ्यामाथ्याने जाणारी, सावली जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंना पिकून पिवळा झालेला गहू, काही ठिकाणी कापणी झालेली, मग द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, पुन्हा गहू. पाणी मध्ये क्वचितच मिळतं. त्या अख्ख्या दिवसात आम्हाला पायी जाणारी पाच माणसं भेटली.

हे मला जड गेलं, खरं सांगते. वारीत चालणं म्हणजे पुढच्याच्या टाचा बघत चालणं. टाळ आपल्या पायांना ओढतो, दम लागला तरी अभंग कुणीतरी उचलून धरलेला असतो. इथे माझ्या बुटाखालच्या खडीचा आवाज तेवढा होता. दुपारी गुडघा धरला तेव्हा मी मोठ्याने 'रूप पाहता लोचनी' म्हणायला लागले. लेकीला ते पाठ नाही, पण ती माझ्यामागे ओळीचा शेवटचा शब्द धरत गेली. आम्ही दोघींचीच दिंडी. एका वळणावर ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात उंचावून हाक दिली, "ब्वॉन कम्मीनो!" वाट नीट होऊ दे, असा त्याचा अर्थ. वाटेत भेटणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

शुक्रवारी गाम्बास्सीहून सान जिमिन्यानोपर्यंतचं अंतर थोडं, तेरा-चौदा किलोमीटर. मध्ये पांकोले नावाची वस्ती लागते. तिथल्या मंदिराची कथा 1668 ची. जन्मापासून मुकी असलेली एक मेंढपाळ मुलगी काटेरी झुडपांत झाकून गेलेल्या मेरीमातेच्या चित्रापाशी रडत बसली आणि तिला वाचा फुटली. मूळ इमारत 1944 मध्ये युद्धात उद्ध्वस्त झाली. गावाने ती पुन्हा उभी केली. मी आत पाच मिनिटं टेकले. पायातले बूट काढावेसे वाटले, काढले.

त्यानंतर एका चढावर लेक थांबली आणि बोट दाखवलं. समोरच्या टेकडीवर दगडी मनोरे, दाटीने उभे. वाखरी सोडल्यावर कळस दिसतो का म्हणून माणसं माना उंच करतात ना, तसंच झालं माझं. हात आपोआप जोडले गेले.

सान जिमिन्यानो हे तटबंदीचं गाव. तेराव्या शतकातला तट अजून जवळजवळ पूर्ण उभा आहे. एके काळी इथे बहात्तर मनोरे होते म्हणतात, आज चौदा आहेत. श्रीमंत घराणी एकमेकांवर कुरघोडी करायला मनोरे बांधत, शेवटी 1255 मध्ये नगरसभेला नियमच करावा लागला की आमच्या मनोऱ्यापेक्षा उंच कुणी बांधायचा नाही. हा सगळा पैसा केशराचा आणि या वाटेचा. वाट गावातून जायची, यात्रेकरू मुक्काम करायचे, व्यापारी थांबायचे. 1348 ची प्लेगची साथ आली, निम्म्याहून जास्त माणसं गेली, 1353 मध्ये गाव फ्लोरेन्सच्या ताब्यात गेलं आणि वाटेची वर्दळही हळूहळू दुसरीकडे वळली. नवं बांधायला पैसा उरला नाही म्हणून जुनं राहिलं. चौकातल्या विहिरीच्या दगडावर दोरांनी पाडलेल्या खाचा आहेत. त्यांत मी बोटं घालून पाहिली. सासवडच्या आमच्या जुन्या आडाच्या काठाला अशाच आहेत.

उत्तरेकडच्या सान मात्तेओ वेशीतून आत शिरलो तेव्हा गावात सणाची लगबग होती. जूनच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इथे 'फेरिए देल्ले मेस्सी' असतो, म्हणजे सुगीची सुट्टी. मध्ययुगात पीक चांगलं यावं म्हणून गाव हा सण करत असे. मधल्या काळात तो विरून गेला होता, तो 'सांता फीनाचे घोडेस्वार' नावाच्या गावकऱ्यांच्या मंडळाने पुन्हा सुरू केला.

या फीनासाठी मी दोन दिवस थांबले, सणासाठी नव्हे. ही याच गावची मुलगी. लहानपणीच आजाराने अंग लुळं पडलं. तिने मऊ बिछाना नाकारला, ओकच्या फळीवर पाच वर्षं पडून राहिली. वडील गेले, मग आई गेली. 12 मार्च 1253 ला, पंधराव्या वर्षी, तिने देह ठेवला. लोक सांगतात, तिला उचललं तेव्हा फळीवर फुलं उमललेली होती, आणि गावातल्या घंटा कुणी न ओढता वाजू लागल्या. मार्चमध्ये मनोऱ्यांच्या भेगांतून पिवळी फुलं येतात, त्यांना इथे फीनाचीच फुलं म्हणतात. रोमने तिला रीतसर संत म्हणून जाहीर केलेलं नाही. गावाने ठरवलं, ती आमची संत. आपल्याकडेही जनाबाईला कुणी कागद दिला होता?

मोठ्या चर्चमध्ये तिची छोटी देवळी आहे, भिंतींवर दोमेनिको गिर्लांदायोने काढलेली चित्रं. एका चित्रात ती फळीवर निजलेली आहे, दुसऱ्यात तिची अंत्ययात्रा. तिची दाई शेजारी उभी आहे, सेवा करता करता तिचा हात लुळा पडला होता, तो फीनाच्या स्पर्शाने बरा होतोय. मागे मनोरे. मी त्या चित्रासमोर किती वेळ उभी होते ठाऊक नाही. जिला एक पाऊल टाकता आलं नाही, तिच्या गावाला लोक जवळजवळ आठशे वर्षं चालत येतायत.

मला माझी आजी दिसत होती. शेवटची सहा वर्षं तिला उठता येत नव्हतं. पालखीच्या दिवशी तिची खाट ओसरीवर आणायचो, हाताशी शेंगदाण्याच्या लाडवांची परात. येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या हातावर ती लाडू ठेवायची आणि तो तिच्या पायांवर डोकं ठेवून जायचा. कधी कधी तीही त्याचे पाय धरायची, तेव्हा अर्धवट उठल्यासारखी व्हायची. "माझी वारी झाली," असं संध्याकाळी म्हणायची.

रविवारी दुपारी ढोल वाजायला लागले. गावाच्या चार पेठा आपापल्या रंगांचे झेंडे घेऊन निघाल्या. मखमली अंगरखे घातलेले पुरुष, डोक्याला कापड बांधलेल्या बायका, पोरं. मला वाटलं होतं, पर्यटकांसाठी नटवलेलं काहीतरी असेल. पण सकाळी जिच्याकडून पाव घेतला ती बाई त्या मिरवणुकीत होती, आणि चेहऱ्यावर असा भाव होता, जसा पालखीला खांदा देणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. आठ वर्षांचा एक मुलगा आजोबांच्या बोटाला धरून चालत होता, दोघांच्या अंगरख्याचा रंग एक. मग माझं नटण्याबद्दलचं मत गळून पडलं.

पुढे 'जोस्त्रा देई बास्तोनी', म्हणजे पेठांचे घोडेस्वार लाकडी दांडे घेऊन आपसात सामना खेळतात. धूळ उडत होती, एकेका पेठेचा आरडाओरडा. नेमका त्याच वेळी लेकीचा फोन वाजला. सासवडहून जाऊबाई. इथे साडेचार, तिकडे रात्रीचे आठ. पडद्यावर आधी अंधार दिसला, मग दिवट्या, मग टाळांचा आवाज एकदम. पालखी घाट चढून गावात शिरली होती. जाऊबाईंनी फोन आमच्या ओसरीकडे फिरवला. परात मांडलेली होती.

एका कानात टाळ, समोर घोडे. रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा हार-जीत कुणाची नसते, तो धावून गेला की माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. इथे एक पेठ जिंकली, तीन हरल्या. सामना संपल्यावर मी खाली वाकले, चिमूटभर धूळ उचलली आणि लावली. एक घोडेस्वार बघत होता. लेकीने त्याला सांगितलं, आमच्याकडे असं करतात. तो हरलेल्या पेठेचा होता. काही न बोलता तो घोड्यावरून उतरला आणि लगाम धरून घोडा माझ्याजवळ आणला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. घामाने ओली, गरम.

सोमवारी उजाडायच्या आत निघालो. सिएना अजून दोन दिवसांच्या वाटेवर होतं. दक्षिणेच्या सान जोव्हान्नी वेशीजवळ एक म्हातारी बाई दारात खुर्ची टाकून बसली होती, एवढ्या पहाटे. आम्हाला पाहून तिने हाताने खूण केली, मांडीवरच्या वाडग्यातून दोन जर्दाळू काढून माझ्या हातावर ठेवले. मी वाकून तिच्या पायांना हात लावला. ती दचकली, मग तिने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि तेच दोन शब्द म्हणाली.

एक जर्दाळू लेकीला दिला, एक मी खाल्ला. बी पदराला पुसून पिशवीत टाकली. पुढचा मुक्काम मोंतेरिज्जोनी तिथून एकतीस किलोमीटर होतं.