दुपारी ओढा उतरतो, सेन्सर मात्र चढ दाखवत होता

मंडळी, सापडलं. मी एका ओढ्याची पातळी सेन्सरने मोजतोय, आणि भर उन्हाळ्यात ती रोज दुपारी तीन मिलिमीटर चढलेली दिसायची. सात आठवडे ज्या तीन मिलिमीटरांनी मला झोपू दिलं नाही, त्यांचं कोडं गेल्या रविवारी सुटलं. आणि सोडवलं ते सेन्सरने नाही, दगडाला चिकटून बसलेल्या एका गोगलगाईने.

जागा तीच, खानापूर तालुक्यातली. जांबोटीच्या अलीकडे, हब्बनहट्टीच्या बाजूला मलप्रभेला मिळणारा ओढा आणि त्यात मामांच्या शेताकडेला बसवलेला नव्वद अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच कापलेला आडवा पत्रा; खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो. (मामा म्हणजे शेताचे मालक. नात्याचे नव्हेत, पण तीन वर्षं त्यांच्या घरचा चहा पितोय, तर दुसरं काय म्हणणार!) मागच्या नोंदीत सांगितलेली, पत्र्याच्या बुडातून होणारी गळती पूर्ण थांबली आहे. एम-सील, सिलिकॉन, प्लास्टिकचा कागद, सगळं करून झालं. शेवटी बांधाची चिकण माती गोणपाटात भरून पत्र्याच्या बुडाशी पायाने दाबली आणि थेंब बंद झाला. ज्यांना अजून अ‍ॅक्रिलिकच्या नॉचचा मोह आहे त्यांना पुन्हा सांगतो, घेऊ नका. उन्हाने वाकतो, कोपऱ्यात चिरतो, आणि कड धारदार राहिली नाही की सूत्राला काही अर्थ उरत नाही. माझा जीआय पत्रा बेळगावातून कापून आणला, धार मी स्वतः कानशीने काढली. चार महिने झाले, जसाच्या तसा आहे.

आता मूळ दुखणं. लॉगर, म्हणजे पातळी नोंदणारं यंत्र, तुम्हाला माहीत आहे: जेएसएन-एसआर०४टी (वरून पाण्यावर आवाज सोडून अंतर काढणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर), ईएसपी३२ (त्याला चालवणारा छोटा संगणक-बोर्ड), आणि पाणी स्थिर राहावं म्हणून चार इंची पीव्हीसी पाइप. एप्रिलपासून रोज एकच तऱ्हा. सकाळी दहानंतर पातळी हळूहळू वर, चारच्या सुमाराला साधारण तीन मिलिमीटर चढ, रात्री पुन्हा उतार. आकाशात ढगाचा तुकडा नाही, जमीन भेगाळलेली, आणि भर दुपारी ओढ्याला पाणी वाढतंय? कुठून?

पहिला संशय वरच्या उसाच्या पंपावर. मामांकडून थ्री-फेजच्या वेळा लिहून घेतल्या आणि ग्राफवर मांडल्या. पंप सुरू झाला की रेघ पायरीसारखी पडते, दहा मिनिटांत, आणि बंद झाला की तशीच उभी चढते. ते वेगळं ओळखू येतं. माझी लाट मात्र गुळगुळीत होती, रोजची, पंप चालो न चालो. मग वाटलं शेवाळ नॉचमध्ये अडकत असेल. आठवडाभर रोज घासून काढलं, फरक नाही. मग सेन्सर बदलला. ऑनलाइन मागवलेला दुसरा नग नकली निघाला, वीस सेंटिमीटरच्या पुढे आकडे नाचतच राहिले, आणि विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. तिसरा मागवला. त्यानेही तीच लाट दाखवली, मिलिमीटरला मिलिमीटर. दोन वेगळे सेन्सर एकच चूक करतात यावरच खरं तर मी थांबायला हवं होतं.

रविवारी दुपारी चारला ओढ्यात पाय सोडून बसलो होतो. फोनवर रेघ वर गेलेली. समोरच्या काळ्या दगडावर पाण्याच्या वर एक ओली पट्टी दिसली, करंगळीच्या नखाएवढी रुंद, सावलीत असल्यामुळे अजून वाळलेली नाही. त्या पट्टीत मुगाच्या दाण्याएवढी गोगलगाय, पाण्याच्या रेषेपासून वर, शंखात अंग ओढून घेतलेली. पाणी चढत असेल तर ती बुडायला हवी होती. ती उघडी पडली होती.

तिथल्या तिथे स्टीलची पट्टी खुंटीला बांधली. गवंड्याकडून आणलेल्या लेव्हलच्या नळीने तिचा शून्य नॉचच्या टोकाशी जुळवला, आणि नॉचपासून हातभर वर, पाणी जिथे अजून वाकत नाही तिथे ती रोवली. साडेचारला ५२ मिलिमीटर. मुक्काम मामांकडेच केला. पहाटे सहाला बॅटरीच्या उजेडात वाचलं: ६०. म्हणजे दुपारी पाणी आठ मिलिमीटर उतरतं, आणि सेन्सर तीन मिलिमीटर चढ दाखवतो.

कारण एकदा कळल्यावर सोपं आहे, पण ते वहीत आकडे मांडल्याशिवाय मला पटेना. सेन्सर अंतर मोजत नाही, आवाज जाऊन यायला लागणारा वेळ मोजतो. हवेत आवाजाचा वेग तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.६ मीटर प्रति सेकंद वाढतो. पहाटे पाइपात १९ अंश, दुपारी ३३. वेग ३४२ वरून ३५१ च्या जवळ जातो, अडीच टक्के फरक. सेन्सर पाण्यापासून ४५ सेंटिमीटर वर आहे, म्हणून त्याच अडीच टक्क्यांचे अकरा मिलिमीटर होतात. आवाज लवकर परत येतो, त्याला वाटतं पाणी जवळ आलं. खरा उतार आठ, खोटा चढ अकरा, उरले तीन. तेच माझे तीन मिलिमीटर! सोमवारी पाइपात डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर सोडला, प्रोग्रॅममध्ये वेगाची एक ओळ घातली, जुना सगळा डेटा खानापूरच्या हवामानाच्या तासावार तापमानाने अंदाजे दुरुस्त केला. लाट उलटली. एप्रिल-मेचा प्रत्येक कोरडा दिवस, पहाटे डोंगर, संध्याकाळी दरी. मी ती रेघ बराच वेळ नुसती बघत बसलो.

पण एकदा फसलो होतो, म्हणून तिसरा साक्षीदार हवा होता. नव्वद अंशांच्या नॉचला प्रवाह म्हणजे १.३८ गुणिले पातळीचा अडीचवा घात, पातळी मीटरमध्ये, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. साठ मिलिमीटरला १.२२ लिटर येतो, बावन्नला ०.८५. म्हणजे दहा लिटरची बादली पहाटे ८.२ सेकंदांत भरायला हवी आणि दुपारी ११.८ मध्ये. पाच-पाच वेळा भरली. पहाटेची सरासरी ८.४, दुपारची १२.१. रंगाच्या डब्याची बादली आणि हातातलं घड्याळ. यावर माझा आता लॉगरपेक्षा जास्त विश्वास आहे, आणि ज्यांनी नॉच बसवून अजून एकदाही बादली लावलेली नाही त्यांनी ती या आठवड्यात लावावी.

मग पाणी जातं कुठे? काठावर बघितलं की उत्तर उभं आहे. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, आणि पात्रातच दगडांच्या फटीत शेरणी. ऊन चढलं की पानं पाणी ओढायला लागतात, मुळं ओढ्याकाठच्या ओल्या मातीतून ते उपसतात, आणि ओढ्याला मिळणारा झरा तेवढा आटतो. रात्री पानं थांबतात, माती भरते, ओढा सावरतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळिवाआधी दोन दिवस आभाळ भरून होतं, पाऊस पडला नव्हता. त्या दोन दिवसांत उतार आठवरून दोन मिलिमीटरवर आला. पंप ढगांमुळे थांबत नाही. पान थांबतं.

हिशेब मांडला. दिवसभराची तूट साधारण सोळा हजार लिटर. काठावरची झाडी उन्हाळ्यात रोज चार मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला चार लिटर, पाणी उडवते असं धरलं, तर एवढं पाणी एक एकर झाडांचं होतं. नॉचच्या वर ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडी चारशे मीटर लांब आणि सगळी मिळून दहा मीटर रुंद आहे. चार हजार चौरस मीटर, म्हणजे एकरच की! इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं. चार मिलिमीटर हा माझा धरलेला आकडा आहे, त्यामुळे यावर मी उडी मारणार नाही, पण दिशा बरोबर आहे.

इथे गाडी अडली. हे सगळं मामांना मोठ्या आनंदाने सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे झाडंच पाणी पितायत म्हण की. मग तोडूया की. ऊस तरी जगंल."

पोटात गोळा आला. त्यांचा प्रश्न खोटा नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून बाहेरून आलेली झाडं काढून ओढ्यांचं पाणी वाढवण्याचा सरकारी कार्यक्रमच चालू आहे, आणि आपल्याच कर्नाटकाने २०१७ मध्ये नीलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. झाड पाणी पितं हे लपवून काठाची बाजू मांडणं मला जमणार नव्हतं. म्हणून त्यांच्यासमोरच पुढचा हिशेब केला. एक एकर उसाला एका पाळीत तीन इंच पाणी सोडलं तर तीन लाख लिटर लागतं. काठाची सगळी झाडी तेवढं पाणी एकोणीस दिवसांत पिते. मामांचा ऊस अडीच एकर आहे. "म्हणजे माझी एक पाळी ह्यांचा दीड महिना?" हे त्यांनीच केलेलं गणित.

मग त्यांना घेऊन खाली गेलो, जिथे दोन वर्षांपूर्वी काठ साफ करून बांध रुंद केला आहे. थर्मामीटर त्यांच्याच हातात दिला. सावलीतल्या डोहात दुपारी २४.५ अंश, उघड्या पट्ट्यात २९. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीसला साडेसात. उघड्या पट्ट्यात काठ ढासळलाय, तळाचे दगड गाळाने भरलेत, हिरवं शेवाळ लांब केसांसारखं हलतंय. युरियाचं जे पाणी शेतातून झिरपतं ते मुळांच्या ओल्या, काळ्या, हवा नसलेल्या मातीतून गेलं तर तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. उघड्या काठाला ती मातीच राहिलेली नाही. मामा काही बोलले नाहीत. थर्मामीटर मात्र त्यांनी पुन्हा एकदा, स्वतःहून, सावलीत नेऊन बुडवला.

आणि एक खास. सावलीतल्या पट्ट्यात जाळी लावून दगड पायाने ढवळले तेव्हा ट्रेमध्ये दोन शेपट्यांची अळी आली. दोन! मेफ्लाय या पाण्यातल्या दुसऱ्या किड्याच्या अळीला बहुतेक वेळा तीन असतात आणि कल्ले पोटाच्या कडेला फडफडतात. हिचे कल्ले पायांच्या मुळाशी झुपक्यांसारखे. म्हणजे स्टोनफ्लाय नावाच्या किड्याची अळी. तीन वर्षांत या ओढ्यातली पहिली. थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी नसेल तर ती टिकत नाही. दहा मिनिटं बघितली, फोटो काढले, त्याच दगडाखाली परत सोडली.

पोलंडच्या माचेय झालेव्स्कींनी १९९० च्या दशकात युनेस्कोच्या जलविज्ञान कार्यक्रमातून मांडलेली दुहेरी नियमनाची गोष्ट मी कितीदा वाचली होती: पाण्याने जीव सांभाळायचे आणि जिवांकरवी पाणी. ती मला समजली होती असं वाटायचं. आमच्या तालुक्यात म्हादईतून मलप्रभेत वळवायच्या ३.९ टीएमसी पाण्यावर चहाच्या टपरीवरही बोलतात, आणि ते बोलायलाच हवं. पण मलप्रभेला पाणी देणारा कोणता ओढा मेमध्ये किती वाहतो, आणि त्याच्या काठावर काय उभं आहे, हे दोन्ही आकडे एका वहीत कुणाकडे आहेत?

पुढचा बेत ही नोंद लिहायला बसलो तेव्हा वेगळा होता. उघड्या पट्ट्याखाली दुसरा व्ही-नॉच घालायचा होता. पत्राही आणून ठेवलाय. पण आता लिहिता लिहिता वाटतंय, ते नको. दोन नॉचच्या मधल्या पट्ट्यात उसाच्या पाण्याचं झिरपणं येतं, गोंधळ होईल. त्यापेक्षा वॉल्टर व्हाइटची १९३२ ची रीत. त्याने यूटाच्या एस्कलांटे खोऱ्यात भूजलाची पातळी मोजली: मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंत, पानं बंद असताना, पाणी किती वेगाने भरतं ते बघायचं, त्याचे चोवीस तास करायचे, दिवसभरातला खरा फरक त्यात मिळवायचा, आणि मातीच्या पाणी सोडण्याच्या क्षमतेने गुणायचं. झाडांनी प्यालेलं पाणी थेट मिळतं. काठावर दोन नळ्या पुरायच्या, एक वाळुंजाखाली, एक उघड्या बांधात. म्हणजे माझे चार मिलिमीटर धरलेले राहणार नाहीत, मोजलेले होतील. आणि नळीत अल्ट्रासॉनिक नको, दाबावर चालणारा सेन्सर टाकीन. आवाजाचा विषय माझ्यापुरता संपला.

आणखी एक आत्ताच सुचलं: टेकडीवरच्या अकेशियाच्या लागवडीखाली एक छोटा झरा आहे. तिसरी नळी तिथे.

अडचण वेळेची. मृग लागायच्या आत नॉच काढायचा आहे, नाहीतर पहिल्या पुरात पत्रा थेट मलप्रभेत. वाळुंजाखाली काल पहार मारून बघितली, पाच फुटांवर जांभा लागला. नुसत्या पहारीने जमणार नाही. खानापूर, चंदगड किंवा बेळगावच्या बाजूला कुणाकडे दोन मीटरचा हाती ऑगर (जमिनीत भोक पाडायचा गिरमिट) असेल तर आठवड्यासाठी हवा आहे, नेऊन पोचवायची जबाबदारी माझी. रविवारी पहाटे पाचला निघतोय. बादलीचं पहिलं माप या वेळी मामा घेणार आहेत, घड्याळ त्यांनी कालच मागून घेतलं.